तंबाखूवाल्याची मान

अर्धा डोंगर चढून झाला होता आणि तोकुजी-सान अजून वाकतच होते.

आतागोच्या डोंगरावर रीतच तशी आहे. वरून कुणी उतरताना भेटलं की चढणाऱ्याने म्हणायचं, "सांभाळून उतरा," आणि उतरणाऱ्याने म्हणायचं, "सावकाश चढा." बाकीचे लोक हे चालता चालता म्हणतात. तोकुजी-सान थांबतात, काठी डाव्या हातात घेतात, टोपी काढतात, कमरेत वाकतात आणि समोरचा वळणाआड जाईपर्यंत टोपी घालत नाहीत. तेवढ्यात पुढचा उतरताना दिसतो. आमच्या मागून निघालेली शाळेची एक सहल एका देवदाराखाली आम्हाला ओलांडून वर गेली होती. ती दर्शन घेऊन, डबे खाऊन परत आली, तेव्हा आम्ही त्याच देवदाराखाली होतो.

"तोकुजी-सान, प्रत्येक मुलापुढे वाकलंच पाहिजे का?" मी विचारलं.

"मुलं आधी वाकली."

"एक मुलगा बुटाची नाडी बांधत होता. बाकीची त्याला काय झालं ते बघायला वाकली होती."

त्यांनी विचार केला. "म्हणजे वाकली होतीच," असं म्हणून टोपी घातली.

दर वर्षी ते बायकोबरोबर, मासुए-सानबरोबर, हा डोंगर चढतात. वरच्या देवळातून आगीपासून राखण करणारा कागद आणायचा आणि चुलीच्या वर भिंतीला चिकटवायचा. आमच्या गल्लीत तो कागद नसलेलं स्वयंपाकघर नाही. माझ्याही गॅसच्या वर आहे, गणपतीच्या फोटोशेजारी. या वर्षी मासुए-सानला पायऱ्या नीट दिसेनात, म्हणून तिने मला सांगितलं, "तुम्ही जा ह्यांच्याबरोबर. एकटे सोडले तर डोंगरावरच राहतील. तिथे कुणी ना कुणी उतरतच असतं."

देवदाराखालच्या बाकावर आम्ही बसलो. तोकुजी-साननी भाताचे दोन गोळे काढले, एक मला दिला आणि मी काही विचारलं नसताना म्हणाले, "एकदा जिवंत राहा म्हणून सांगितलं होतं हो मला. तेवढंही जमलं नाही."

त्यांनी गेल्या वर्षी काम केलेल्या सिनेमाबद्दल ते बोलत होते. गल्लीला सगळं ठाऊक आहे, पण तुकड्यातुकड्यांनी. त्या दिवशी चढता-उतरता त्यांनी सगळं सांगितलं. थोडं मासुए-सानकडून मला आधीच कळलेलं होतं. तेच एकत्र करून लिहिते आहे.

तोकुजी कुरामोची जन्मभर मरत आले. क्योतोच्या पश्चिमेला, आमची वस्ती संपते तिथे, सिनेमाचा एक जुना स्टुडिओ आहे. तिथे तलवारींचे सिनेमे निघायचे. नायक यायचा, पाच-पंचवीस माणसं कापायचा, तलवार पुसून म्यान करायचा. कापल्या जाणाऱ्यांत तोकुजी-सान असायचे. मिसरूड फुटायच्या वयात लागले, ते गुडघे बोलायला लागेपर्यंत पडत राहिले.

या कामाचा एकच मोठा नियम. तोंड कॅमेऱ्याला दिसता कामा नये. माणसं थोडी आणि मरणं फार, त्यामुळे पुलावर मेलेलाच पुढे विहिरीपाशी मरायचा आणि शेवटी किल्ल्याच्या दारात पुन्हा. चेहरा दिसला तर लोक म्हणणार, ह्याला मघाशी मारला होता ना. म्हणून वार बसला की गर्रकन पाठ फिरवायची आणि मग पडायचं. पडल्यावर नायकाचं भाषण संपेपर्यंत श्वास पोटात धरून पडून राहायचं. एकदा तोकुजी-सान असे मरून पडलेले असताना घोडा त्यांच्या बाहीवर पाय देऊन उभा राहिला आणि त्याने तिथेच आपले विधी उरकले. तोकुजी-सान हलले नाहीत. सिनेमाच्या शेवटी नावं आली त्यात घोड्याचं नाव होतं.

दुसऱ्या एका सिनेमात ते सुरुवातीला मेले आणि माणसं कमी पडली म्हणून त्यांना त्यांच्याच अंत्ययात्रेत उभं केलं. तिथेही पाठ करूनच. मासुए-सान म्हणते, स्वतःसाठी इतकं कमी रडणारा माणूस तिने पाहिला नाही.

मासुए-सान तिथेच केसांचे टोप बसवायच्या कामाला होती. रोज सकाळी रांगेने माना यायच्या, ती त्यांच्यावर टोप चढवायची. तोकुजी-सानच्या मानेवर उजव्या बाजूला तीळ आहे. त्यांचं तोंड तिने नंतर पाहिलं, मान आधी पसंत केली. लग्नानंतर सिनेमा लागला की ती ओसाकाच्या थोरल्या बहिणीला, किनुएला, घेऊन जायची.

"तो बघ, आमचा."

"कुठला?"

"तळ्यात पडला तो."

"पाठच दिसली मला."

"तीच आमची."

किनुएने कधी विश्वास ठेवला नाही. तिने ठरवूनच टाकलं होतं की बहिणीचा नवरा स्टुडिओत सुतार आहे आणि बहीण बढाया मारते. नातेवाइकांतही तिने तसंच सांगितलं. तोकुजी-सानना ओसाकाच्या लग्नाकार्यांत लोक कपाटाची बिजागरी बघायला न्यायचे. ते बघायचे, वाकायचे, जमेल तशी बसवून द्यायचे.

वाकण्याचं मूळ त्यांच्या वडिलांत. वडील एका जुन्या सरायीचे दारवान. पाहुणा निघाला की त्याची गाडी वळण घेऊन दिसेनाशी होईपर्यंत कमरेत वाकून राहायचं, हे त्यांचं काम. धाकटा तोकुजी शेजारी उभा राहून वाकायचा, आणि पाहुण्याने गाडीच्या काचेतून मागे वळून पाहिलं तर आणखी वाकायचा. ते अंगात मुरलं. फोनवर बोलताना ते वाकतात. रस्ता खणलेला असतो तिथे पाटीवर हेल्मेट घातलेला एक कामगार काढलेला असतो, गैरसोयीबद्दल क्षमा मागत वाकलेला. त्यालाही ते उलट वाकतात. तो चित्रातला असल्यामुळे सरळ होत नाही, आणि समोरचा वाकलेला असताना आपण कसं निघायचं, या पेचात एकदा ते पाटीसमोर किती वेळ उभे होते कोण जाणे. शेवटी कामगार जेवायच्या सुट्टीला पाटी उलटी करून गेले, तेव्हा घरी आले.

गेल्या वर्षी मासुए-सानच्या डोळ्यांचं कळलं. डॉक्टरांनी सांगितलं, कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. वर्षभरात माणसांचे चेहरे जातील, चेहरे आधी जातात. घरी आल्यावर तिने भात लावला आणि म्हणाली, "एकदा तुमचं तोंड पडद्यावर बघायला हवं होतं. मोठं, भिंतीएवढं. आता पाठीच बघायच्या राहिल्या." मग तोकुजी-सानच्या ओल्या चपलांवरून त्यांना बोलली. रडली नाही. तोकुजी-साननी चपला उचलून बाहेर ठेवल्या आणि बाहेरच बसून राहिले.

त्यानंतर महिन्याभराने दारावर नोमोतो-सान आल्या. चाळिशीच्या बाई, कमरेला चिकटपट्ट्यांची रिळं लटकवलेल्या, आवाज बसलेला. टोकियोच्या हिरुमा नावाच्या दिग्दर्शकाच्या त्या साहाय्यक. स्टुडिओत युद्धाच्या काळातला सिनेमा व्हायचा होता, एका हेराचा. हा हेर छत्र्या दुरुस्त करणारा बनून एका गल्लीत राहतो, छत्रीच्या पोकळ दांड्यातून कागद नेतो आणि त्याची सगळी हुशारी एकाच गोष्टीत, की त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

"गल्लीत तंबाखूचं दुकान आहे," नोमोतो-सान म्हणाल्या. "छोटी खिडकी, खिडकीत म्हातारा. हेर जातो, म्हातारा वर बघतो, काहीच दिसलं नाही असं करून पुन्हा समोर बघतो. झालं."

"तोंड दिसणार?" तोकुजी-साननी विचारलं.

"तोंडच हवंय. सगळा पडदा भरून."

"आणि मरायचं कधी?"

"मरायचं नाहीये."

"शेवटी सुद्धा नाही?"

"नाही हो."

तोकुजी-सान अस्वस्थ झाले. स्वयंपाकघरातून मासुए-सानचा आवाज आला, "घ्या काम. एकदा जिवंत राहायला काय जातं तुमचं?"

सिनेमा वर्षाच्या आत लागणार होता. तेवढे डोळे तिला पुरले असते. ते काम घेण्यामागे तोकुजी-सानच्या मनात दुसरं काही नव्हतं.

पहिल्या दिवशी काय झालं, तर हेराचं काम करणारा मोठा नट, काजिवारा, चांगल्या घरचा निघाला. पहाटेच येऊन तो प्रत्येक म्हाताऱ्यासमोर उभा राहिला. तंबाखूच्या खिडकीसमोर येऊन खोल वाकला. "तुम्ही पडलेले मी लहानपणापासून बघत आलोय. आज सांभाळून घ्या." तोकुजी-सान खिडकीत बसल्या बसल्या इतके वाकले की कपाळ फळीला लागलं आणि रंगभूषा करणारीला पुन्हा यावं लागलं.

मग हिरुमा-साननी सगळ्यांना समजावलं. "हा माणूस म्हणजे हवा. तुम्हाला हवा दिसते का? नाही. तसा हा दिसत नाही. सुरू."

कागदी बर्फ पडायला लागला. काजिवारा छत्र्यांची मोळी घेऊन आला. तंबाखूवाल्याने वर पाहिलं. पाहिलं आणि मान खाली गेली. फार नाही, बोटभर. पण सकाळी आपल्यापुढे वाकलेला माणूस समोरून जातो आहे, आणि नुसतं बघायचं?

ते एकवेळ चाललं असतं. पण काजिवाराची मानही उलट हलली.

"कट," हिरुमा-सान म्हणाले. "मान नको."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा शेजारच्या मासळीवालीने, म्हणजे ते काम करणाऱ्या आमच्याच गल्लीतल्या हाराकावा बाईंनी, दोघांना माना हलवताना पाहिलं आणि आपणच तेवढ्या उद्धट दिसू नये म्हणून त्याही वाकल्या. त्या वाकल्या म्हणून तोफूवाला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्खी गल्ली त्या हेरापुढे वाकत होती आणि तो बिचारा दोन्ही बाजूंना मान लववत चालला होता.

हिरुमा-सान खुर्चीतून उठले. "हा हेर आहे का निवडणुकीला उभा राहिलाय?"

सगळी गल्ली त्यांची क्षमा मागायला वाकली.

मग उपाय सुरू झाले. काजिवाराने कुणाला सकाळचं भेटायचं नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी नोमोतो-सान त्याला डोक्यावरून घोंगडी घालून घेऊन आल्या. तोकुजी-सान घोंगडीला वाकले.

"तुम्हाला कसं कळलं कोण आहे ते?" नोमोतो-साननी विचारलं.

"नाही कळलं. पण माणूसच असणार ना आत."

पाठीला आतून फळी बांधून पाहिली. मान हलेना, तर ते फळीसकट कमरेतून वाकले. फळीचं वरचं टोक मांडणीला लागलं आणि तंबाखूचे सगळे डबे खाली आले. काजिवाराऐवजी झाडूला टोपी घालून फिरवला, तेव्हा मात्र मान ताठ राहिली. तोकुजी-सान म्हणाले, झाडूला राग आला असेल तर माझा नाइलाज आहे. पण दोघं एकाच चौकटीत हवे होते आणि झाडूला सिनेमा पेलला नसता.

संध्याकाळी हिरुमा-सान खिडकीपाशी आले. रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "कुरामोची-सान, तुमचा चेहरा मला आवडलाय. उद्या सकाळी एकदा बघू. नाही झालं तर खिडकीचं दार लावून घेऊ. बंद दुकानासमोरून हेर गेला तरी गोष्टीचं काही अडत नाही."

बंद दार म्हणजे त्यावर पाठसुद्धा दिसणार नव्हती.

घरी तोकुजी-साननी जेवणाला हात लावला नाही. मासुए-सानने चौकशी केली, ऐकून घेतलं, कोपऱ्यातली छत्री खांद्यावर टाकली आणि ओट्यापासून दारापर्यंत चालत गेली. "बघा माझ्याकडे."

त्यांनी पाहिलं. मान हलली नाही. ती परत आली. नाही हलली.

"हे काय, जमतंय की तुम्हाला."

"तुझ्यापुढे कोण वाकतं?"

ती थांबली. "खरंच की. इतक्या वर्षांत एकदाही नाही. रस्त्यावरच्या पाटीपुढे वाकलात."

"घरच्या घरात कुणी वाकतं का?"

"मी कुठे म्हणते वाका म्हणून. उद्या तो आला की समजा, मीच चालले आहे. झालं काम."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मनाशी घोकत बसले, मासुए चालली आहे, मासुए चालली आहे. बर्फ पडायला लागला. हेर आला. तोकुजी-साननी वर पाहिलं. मान जागच्या जागी. नोमोतो-साननी मुठी आवळल्या. आणि हेर अगदी खिडकीसमोर आला तेव्हा तंबाखूवाला म्हणाला, "आलीस का? कोबी मिळाला?"

काजिवारा सभ्य माणूस. तो म्हणाला, "नाही, संपला होता."

हिरुमा-साननी हाताने खूण केली. सुतार खिडकीचं दार घेऊन आला.

तो सुतार दार बिजागरीत बसवत होता. तोकुजी-सान आत बसून ते बघत होते. बिजागरी उलटी लावतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. आणि दुसरंही एक लक्षात आलं, की आयुष्यात फक्त एकाच अवस्थेत ते कुणापुढे वाकले नव्हते, नायक असो, दिग्दर्शक असो, घोडा असो. मेलेले असताना. मेलेल्याला रीतभात लागू नाही.

"हिरुमा-सान," त्यांनी खिडकीतून विचारलं, "मी मेलो तर चालेल का?"

"काय?"

"पडणार नाही. बसल्या बसल्या. डोळे उघडे ठेवून. कुणाला कळायचं नाही, फक्त मला माहीत असेल."

हिरुमा-साननी नोमोतो-सानकडे पाहिलं. नोमोतो-सान म्हणाल्या, "एवढं सगळं झालंय, हेही बघू."

सुताराला बाजूला केलं. सुरू म्हणताच तोकुजी-साननी श्वास पोटात घेतला आणि मेले. काही केलं नाही. हनुवटी होती तिथे, हात होता तिथे. हेर आला. तंबाखूवाल्याची नजर त्याच्यावर होती, आणि तो पुढे गेला तशी ती त्याच्यावर राहिली नाही, नुसती समोर राहिली. कागदी बर्फाचा एक तुकडा तरंगत येऊन उघड्या डोळ्याच्या कडेला बसला. पापणी लवली नाही. काजिवाराने हे पाहिलं असावं, पण त्याचीही मान हलली नाही. मेलेल्याला चालता चालता मान हलवून चालत नाही, थांबून हात जोडावे लागतात, आणि त्याला थांबायचं नव्हतं. हाराकावा बाईंनी मासळीकडे पाहिलं. तोफूवाल्याने तोफूकडे पाहिलं. त्या गल्लीतून खरोखर हवा गेली.

"कट," हिरुमा-सान अगदी हळू म्हणाले. मग दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, कारण तोकुजी-सान उठले नव्हते.

सिनेमा लागला आणि भलतंच झालं. ज्याने ज्याने पाहिलं, त्याने तंबाखूवाला मेलेला पाहिला. फक्त मला माहीत असेल, असं तोकुजी-सान म्हणाले होते, पण चाळीस वर्षांची सवय असलेला माणूस मरतो तेव्हा ते झाकत नाही. लोक विचारायला लागले, त्याला मारलं कुणी? हेराने मारलं असेल तर का? म्हाताऱ्याला छत्रीतलं गुपित कळलं होतं काय? पोलिसांनी मारला आणि हेराला इशारा म्हणून तसाच बसवून ठेवला, असं काहींचं म्हणणं. एका मासिकात लांबलचक लेख आला की या सिनेमात हेराला ओळखू शकणारा एकच माणूस होता आणि तो मेलेला आहे, यातच त्या काळाचं सगळं आलं. हिरुमा-सान मुलाखतीत म्हणाले की हा प्रश्न त्यांनी मुद्दाम मोकळा सोडला आहे.

ज्यांनी गोष्ट लिहिली होती त्या गृहस्थांचा तोकुजी-सानना फोन आला. "मला रोज लोक विचारतात. मी तर तुम्हाला मारलं नव्हतं. तुम्हालाच काही कल्पना आहे का, कुणी मारलं?"

तोकुजी-सान फोनवर वाकले. "मला नाही सांगता येणार. मी मेलेलो होतो."

त्यांनी मिठाईचा डबा पाठवला. तोकुजी-साननी उलट मुळ्याचं लोणचं पाठवलं. गल्लीत काही दिवस लोक त्यांना भेटले की आवाज खाली आणून बोलायचे. किनुएने ओसाकाहून फोन केला.

"बघितला. तोंड त्याचंच आहे."

"मग?" मासुए-सान म्हणाली.

"सुतार नाही, एवढं कबूल."

पण हे सगळं नंतरचं. पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाला ती दोघं गेली होती. मासुए-सानचे डोळे तोवर बरेच गेले होते. एखाद्याचं तोंड बघायचं तर तिला थोडं बाजूला बघावं लागे, मग कडेच्या नजरेत ते येई. चित्रपटगृहात तिने बरोबर जागा हेरली. पडद्याच्या डाव्या अंगाला, बाहेर पडायच्या दारावर हिरवा दिवा होता. त्या दिव्याकडे टक लावून पाहिलं की पडद्याचा मधला भाग दिसतो, हे तिने जाहिराती चालू असतानाच तपासून ठेवलं. सगळा सिनेमा तिने त्या दिव्याकडे बघून पाहिला.

बर्फ पडायला लागला. खिडकी आली. भिंतीएवढं तोंड आलं, कानाजवळच्या सुरकुत्यांसकट. मासुए-सान श्वास धरून दिव्याकडे बघत राहिली. तोकुजी-सान तिच्याकडे बघत होते. स्वतःचं तोंड त्यांनी पडद्यावर पाहिलंच नाही, अजूनही पाहिलेलं नाही. हेर पुढे गेला, तोंड तसंच राहिलं, आणि मासुए-सानने मांडीवर हात ठेवले आणि बसल्या जागी खोल वाकली. पडद्यापुढे. दिसायला ती दारावरच्या दिव्यापुढे वाकली.

पडद्यावरचा काही उलट वाकला नाही. तो मेलेला होता.

मग शेजारी बसलेल्याला वाकणं भाग पडलं. तोकुजी-सान बायकोकडे वळले आणि वाकले, कपाळ दोघांमधल्या खुर्चीच्या हाताला टेकेपर्यंत, आणि ती सरळ होईपर्यंत सरळ झाले नाहीत. ती ते गेल्याशिवाय, म्हणजे पडद्यावरून गेल्याशिवाय, सरळ होणार नव्हती. हिरुमा-साननी तो चेहरा पडद्यावर फार वेळ ठेवला आहे. मागच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, ओळखीतलं कुणीतरी आलं असावं. तेही थोडे वाकले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "दिसलात."

"मेलेला दिसलो."

"मला त्याचं काय? मेलेले तर नेहमीच बघत आले. तोंड नवीन होतं."

डोंगराच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. तोकुजी-साननी देवापुढे घंटा वाजवली, वाकले, टाळ्या वाजवल्या, पुन्हा वाकले. मी माझ्या पद्धतीने हात जोडले. दोघांनी कागद घेतले, त्यांनी एक जास्तीचा घेतला, ओसाकाला पाठवायला. उतरताना गर्दी नव्हती, चढणारं क्वचित कुणी. त्यामुळे बराच वेळ सलग चालता आलं. त्या देवदाराजवळ ते थांबले.

"आता तिला माझं तोंड दिसत नाही," ते म्हणाले. "बाजूला बघूनही नाही. म्हणते, मान कळते. गंमत आहे ना. सुरुवातीला मान होती, शेवटीही तीच."

त्यांनी काठी बाकाला टेकवली.

"तुमच्याकडे एक काम होतं."

"सांगा ना."

"मी गेल्यावर पेटीत ठेवतील. पेटीला तोंडापाशी खिडकी असते लहानशी. तंबाखूच्या दुकानाएवढी. मग सगळे एकेक करून येणार आणि खिडकीपुढे वाकणार. सगळी गल्ली येईल. नोमोतो-सान येतील. काजिवारा-सानही येईल, चांगल्या घरचा आहे तो."

"येतीलच."

"मग मी काय करू?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

"तेव्हा तुम्ही खरंच गेलेले असाल, तोकुजी-सान. मान कशी हलेल?"

"कामावर असताना मेलो की नाही हलत, तेवढं मला माहीत आहे. नुसतं मेल्यावर काय होतं, कुणी सांगितलंय? मी वाकलो तर पेटीच्या काचेला कपाळ आपटणार. मासुए तिथे बसलेली असेल, तिला आवाज ऐकू जाईल."

खालून एक म्हातारं जोडपं वर येताना दिसलं. तोकुजी-साननी काठी डाव्या हातात घेतली, टोपी काढली. पण वाकायच्या आधी माझ्याकडे वळले.

"तुम्ही संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावून काहीतरी पुटपुटता. शेजारच्याला ऐकू जात नाही, पण ज्याला ऐकायचं त्याला जात असणार. तेवढ्याच आवाजात, लोक यायच्या आधी, खिडकीपाशी येऊन मला 'सुरू' म्हणा. आणि एवढं सांभाळा, नंतर कुणी 'कट' म्हणू नका."